ताट परत गेलं तो रविवार

आई,

तुला पत्र लिहायची मला सवय नाही. तू असताना आपण एकमेकींपासून इतक्या लांब कधी राहिलोच नाही की पत्र लागावं. लग्न करून गेले तीसुद्धा चिंचवडला, सायकलीवर वीस मिनिटांच्या वाटेवर. आणि आता तुला जाऊन सत्तावीस वर्षं झाल्यावर मी कागद पुढ्यात घेऊन बसले आहे, तेही चष्मा शोधण्यात अर्धा तास घालवून. चष्मा डोक्यावरच होता. हस तू, तुझंच रक्त आहे. कारण असं झालं की आपल्या मंडळीत सध्या कुटुंबसप्ताह चालू आहे आणि नवे पाळक आले आहेत, पोरगेलेसे, दाढी राखणारे, तुझ्या पणतवंडांना गिटार शिकवणारे. रविवारी उपासना सुटल्यावर त्यांनी मला दारातच गाठलं आणि म्हणाले, "आजी, गुरुवारी तरुण जोडप्यांपुढे तुम्ही बोला. मुलं वाढवताना ख्रिस्ती विवाह मजबूत कसा ठेवायचा, हा विषय. पाच मुद्दे द्या, मी पडद्यावर दाखवतो." पाच मुद्दे! मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, मुद्दे काढणं मला नवं नाही. पण तीन दिवस झाले, कागदावर 'मुद्दा पहिला' एवढंच आहे आणि त्याच्या शेजारी कपाचा गोल डाग. लिहायला घेतलं की मला मुद्दा दिसतच नाही. मला पत्र्याच्या छपराची ती शाळेची खोली दिसते, बाबांच्या हातातलं ताट दिसतं आणि त्या ताटासमोर खाली बघत बसलेली तू. म्हणून म्हटलं, आधी तुलाच सगळं सांगून टाकावं, म्हणजे गुरुवारी जीभ मोकळी होईल.

स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली होती. बाबा नगरकडून येऊन पिंपरीच्या नव्या कारखान्यात फिटर म्हणून लागले होते, आणि कारखान्यामागच्या चाळीत आपल्याला दोन खोल्या मिळाल्या होत्या. पुढे रेल्वेचे रूळ, मागे ज्वारीची रानं, मधे आपण. मी नऊ वर्षांची, चार भावंडांत थोरली, म्हणजे अर्धी आई. धाकट्याला काखेत घेऊनच मी अभ्यास करायची. तू शेजारणींची पोलकी शिवून द्यायचीस, मुलांचा रविवारचा वर्ग घ्यायचीस, आणि एवढं करून संध्याकाळी सातला घरची प्रार्थना चुकू द्यायची नाहीस. बाबांच्या पाळ्या आठवड्याला बदलायच्या. त्यामुळे कधी तुम्ही दोघं एकमेकांना भेटायचात ते दारात, तू पाण्याची कळशी घेऊन आत येताना आणि ते डबा घेऊन बाहेर पडताना. तेवढ्यातही बाबा तुझी काही ना काही थट्टा करायचे आणि तू "जा आता, भोंगा होईल" म्हणायचीस. मला तेव्हा वाटायचं की सगळ्यांचे आईबाप असेच असतात. शाळामास्तरीण होऊन शे-दोनशे घरं आतून पाहिली तेव्हा कळलं की तसं नसतं.

तो शुक्रवार. मार्च संपत आलेला, पत्रे तापलेले. बाबा पहिली पाळी करून घरी येतात तर सायकलीच्या कॅरिअरला सुतळीनं बांधलेली एक ट्रंक. हिरवी, कोरी करकरीत, आणि झाकणावर पांढऱ्या रंगात माझं पूर्ण नाव, कारखान्यातल्या पेंटरनं वळणदार अक्षरात काढलेलं. ते ती दोन खोल्यांच्या मधोमध ठेवतात आणि घाम पुसत उभे राहतात. तू शेगडीवर भाकरी टाकलेली आहेस. पिठाचा हात तसाच, वळून बघतेस.

"हे काय?"

"ट्रंक."

"ते दिसतंय मला. कुणाची?"

"नाव आहे की वर." बाबांनी हसायचा प्रयत्न केला. मग हसू गिळून म्हणाले, "नगरच्या बोर्डिंगात जागा आहे. जूनपासून. पत्र आलंय."

तू भाकरी उलटवलीस. "पत्र आलं म्हणजे तुम्ही आधी लिहिलं होतंत. केव्हा?"

"महिना झाला."

"महिना! महिनाभर माझ्या हातचं जेवलात, माझ्याबरोबर गुडघे टेकून प्रार्थना केलीत, आणि पोटची पोर घराबाहेर चाललीय हे मी ट्रंकेवर वाचायचं?"

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. फक्त एकदा. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "माझं ठरलंय ते."

"तुमचं ठरलंय," तू म्हणालीस, आणि पाठ फिरवलीस. त्या दिवशी तुझ्या हातून भाकरी करपली. उभ्या जन्मात मी तुझी करपलेली तेवढी एकच भाकरी पाहिली, आणि ती तू मुकाट्यानं स्वतःच्या ताटात वाढून घेतलीस.

बाबांना बोर्डिंगबद्दल काय वाटायचं हे तुला ठाऊक होतं. त्यांना ना आई ना बाप. बोर्डिंगनंच त्यांना जेवू घातलं, अक्षर दिलं, हातात पाना दिला, ढोलकी शिकवली. तिथली गोष्ट निघाली की त्यांचा चेहरा उजळायचा. म्हणून तुझी समजूत अशी झाली की हा माणूस आपल्या आठवणींपायी पोरीला घराबाहेर काढतोय. पण तुला खरं लागलं ते तेही नव्हतं. तुमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि त्या अकरा वर्षांत बाबांनी तुला न विचारता साधा शर्टाचा कपडासुद्धा घेतला नव्हता. एवढी मोठी गोष्ट त्यांनी एकट्यानं केली, आणि का केली ते सांगायलाही तयार नाहीत. तुझ्या पायाखालचं काहीतरी हललं होतं. ते मला नऊ वर्षांच्या पोरीलाही कळत होतं.

मग अबोला. असा अबोला आपल्या घरानं कधी पाहिला नव्हता. "तुझ्या वडिलांना सांग, पान वाढलंय." बाबा दोन हातांवर बसलेले. "तुझ्या आईला सांग, मला भूक नाही." तू दोन हातांवर उभी. मी मधे पोस्टमन. सातची प्रार्थना मात्र चुकली नाही, आणि तीच सगळ्यांत कठीण होती. तू डोळे मिटून सगळ्यांसाठी मागायचीस, भावंडांसाठी, पाळकसाहेबांसाठी, शेजारणीच्या गुडघ्यासाठी, "कारखान्यात काम करणाऱ्या सर्व कामगारांसाठी". पण बाबांचं नाव घ्यायची नाहीस. मी एक डोळा उघडून बाबांकडे बघायची. बाबा शेवटी "आमेन" म्हणायचे, रोजच्यापेक्षा हळू. ट्रंक तिथेच मधे होती. येता-जाता प्रत्येकाची तिला ठेच लागायची, पण कुणी ती हलवत नव्हतं.

आणि नवव्या दिवशी प्रभुभोजनाचा रविवार आला, ख्रिस्ताच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून भाकर आणि प्याला घ्यायचा. आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटणार नाही. तेव्हा पिंपरीत आपलं देऊळ नव्हतं. तेरा-चौदा कुटुंबं, शाळेच्या एका खोलीत सतरंज्या टाकून बसायची, एका अंगाला पुरुष, एका अंगाला बायका, खिडकीपाशी आम्ही मुलं. पुण्याचे पाळकसाहेब महिन्यातून एकदा दुपारच्या गाडीनं यायचे. ताट आणि प्याला पांढऱ्या फडक्यात बांधून पिशवीतून आणायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. बाबा मंडळीचे पंच होते, म्हणून भाकरीचं ताट फिरवायचं काम त्यांचं, आणि ढोलकीही त्यांचीच. मनात कुणाविषयी अढी ठेवून त्या ताटाला हात लावायचा नाही, आधी जाऊन समेट करायचा, हे आम्हाला पाठ होतं. पाठ असणं वेगळं. त्याच खोलीत अशा दोन बाया होत्या ज्या कपडे वाळत घालायच्या तारेवरून वर्षभर एकमेकींशी बोलत नव्हत्या आणि दर महिन्याला शेजारीशेजारी बसून व्यवस्थित भाकर घेत होत्या. सगळेच घेत होते. ताट पुढे आलं आणि परत पाठवलं, असं कुणी केलेलं मी पाहिलं नव्हतं.

बाबा ताट घेऊन बायकांच्या रांगेत येतात. पहिली घेते, दुसरी घेते, तिसरी तू. बाबा वाकतात, ताट तुझ्यासमोर धरतात. तू ताटाकडे बघतेस, त्यांच्याकडे नाही. तुझे हात मांडीवर आहेत आणि ते तिथेच राहतात. मग तू अगदी हळू, पण पत्र्याखालच्या त्या खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हणतेस, "आज नको."

आई, मी इतकी घाबरले! माझ्या मनात आलं की आता आपलं घर मोडलं. मोडतं म्हणजे काय होतं ते मला माहीत नव्हतं, पण ते असंच सर्वांदेखत होत असणार याची खात्री होती. बाबा वाकलेलेच. पुढे जावं तर पुढच्या बाईनं हात पुढे केलेला. दुसरा कुणी असता तर पुढे सरकला असता, आणि घरी गेल्यावर बायकोला 'चारचौघांत माझी शोभा केलीस' म्हणून फैलावर घेतलं असतं. बाबा सरळ उभे राहिले, वळले, आणि ताट पाळकसाहेबांसमोरच्या टेबलावर नेऊन ठेवलं. म्हणाले, "पाळकसाहेब, थोडं थांबावं लागेल. माझ्या घरचं काम राहिलंय." आणि मागच्या दारानं बाहेर गेले. तू पदर सावरलास, धाकट्याला शेजारणीच्या मांडीवर दिलंस आणि त्यांच्या मागून गेलीस.

पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग ते म्हणाले, "भजन म्हणू या." ढोलकी वाजवणारा बाहेर, त्यामुळे भजन सुरू झालं ते गाडीवान नसलेल्या बैलगाडीसारखं, ज्याला जिकडे वाटेल तिकडे गेलं. पाच कडवी संपली. मागच्या दारात कुणी नाही. "पुन्हा," पाळकसाहेब म्हणाले. पुन्हा पाच कडवी. तिसऱ्या वेळेला त्यांनी खिशातलं घड्याळ काढून पाहिलं आणि परत ठेवलं. चौथ्या वेळेला रुळांवरून त्यांची गाडी शिट्टी देत पुण्याकडे निघून गेली. कुणीतरी हळहळलं, "गेली!" पाळकसाहेब म्हणाले, "जाऊ द्या. पहिल्या कडव्यापासून घ्या." आणि त्या तारेवरच्या दोघींपैकी एक, जिचा आवाज सगळ्यांत मोठा होता, ती गाता गाता रडायला लागली आणि दुसरीनं तिला आपल्या पदराचं टोक दिलं. त्या दोघींचं पुढे काय झालं ते तुला माहीत आहे, तू त्यांच्या पोरापोरींच्या लग्नात वरमाईसारखी मिरवलीस.

मी खिडकीशी होते. खिडकीच्या गजातून विहीर दिसत होती, विहिरीकडचा करंज, आणि पाटाच्या पाण्यात सोमवारच्या बाजाराची मेथी धुणारी ती रानातली मावशी, जिच्याकडून आपण दूध घ्यायचो. तू बांधावर बसलेली, पाठमोरी. बाबा तुझ्यासमोर उभे. ऐकू काही येत नव्हतं. मग मी बघते तर बाबा, रविवारची पांढरी पँट घातलेले बाबा, तसेच खाली मातीत बसले. तुझ्यापेक्षा खाली. बाबांचे ओठ हलले, मग तुझे खांदे हलले. भजन सातव्यांदा सुरू झालं तेव्हा तू उठलीस आणि बाबांना हात दिलास.

दारातून तुम्ही दिसायच्या आधी आवाज आला. फाट, फाट, फाट. सगळ्यांनी गाणं थांबवून माना वळवल्या. तू बाबांना उंबऱ्यापाशी उभं करून त्यांच्या पँटची माती झाडत होतीस, अगदी आम्हा मुलांची झाडायचीस तशी, आणि ते गुन्हेगारासारखे निमूट उभे होते. मग बाबांनी ताट उचललं. पहिल्यापासून नाही, सरळ तुझ्यापाशी आले. तू उजव्या हातानं एक तुकडा घेतलास आणि डावा हात ताटाखाली लावलास. बाकीच्या सगळ्या बायकांना भाकर दिली जाईपर्यंत तू तसाच हात लावून त्यांच्याबरोबर रांगेतून चालत गेलीस. त्यानंतर मी किती देवळं पाहिली, किती सोहळे पाहिले, रंगीत काचांच्या खिडक्या पाहिल्या. पण देव जवळ आल्याचं माझ्या अंगावर शहारा येऊन मला कळलं ते त्या पत्र्याखाली.

त्या दिवशी जेवताना बाबांनी सांगितलं, "ही इथंच शिकेल." मी रडायला लागले. तू मला जवळ घेतलंस आणि म्हणालीस, "येडी, आता कशाला रडतेस? नाही पाठवत तुला कुठं." ट्रंकेत दुसऱ्या दिवसापासून गोधड्या गेल्या. पाळकसाहेब रात्री आपल्याच पुढच्या खोलीत झोपले, ती ट्रंक उशाला घेऊन.

आणि मग शनिवारचा चहा सुरू झाला. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, बाबांची पाळी कोणतीही असो, तू एक कप-बशी चहा घेऊन मागच्या पायरीवर जायचीस आणि दार ओढून घ्यायचीस. कप त्यांना, बशी तुला. "आमचं बोलणं चाललंय. घराला आग लागली तरी आधी शेजारच्या काकूंना हाक मारा." दहा मिनिटं, कधी अर्धा तास. एकदा धाकट्यानं नाकात शेंगदाणा घातला होता तेव्हासुद्धा मी दार वाजवलं नाही, काकूंनीच काढला. काय बोलायचात ते आम्हाला कधीच कळलं नाही. आतून कधी तुझा चढलेला आवाज यायचा, कधी बाबांचं हसू, कधी काहीच नाही. पण दार उघडायचं तेव्हा घरातली हवा धुतल्यासारखी वाटायची. मीही आमच्या घरी तसा चहा सुरू केला होता, आई. सहा महिने टिकला. मग टीव्ही आला. यांना आता ऐकू कमी येतं, त्यामुळे आमचे समेट सगळ्या सोसायटीला ऐकू जातात.

बाबा गेले त्या दिवशी रानातली मावशी आली होती, कमरेत वाकलेली, नातवाच्या खांद्याला धरून. जमिनी विकून तिच्या पोरांनी इमारती बांधल्या होत्या, पण तिची बोली काही बदलली नव्हती. आत तू बाबांच्या उशाशी बसली होतीस. मावशी मला व्हरांड्यात घेऊन बसली.

"पोरी, तुझ्या बापाची एक गोष्ट माझ्या पोटात हाय. त्या दिशी तुमची ती प्रार्थना चालली व्हती आन ही दोघं हिरीपाशी आली. म्या मेथी धूत व्हते. मुद्दाम न्हाई ऐकलं, पर कान काय काढून ठिवता येत्यात व्हय? तुझा बाप म्हनला, 'तुला न इचारता केलं, ती माझी चूक. मला माफ कर.' तुझी आय म्हनली, 'चूक कळली. पर का केलंत ते सांगा.' त्यो गप. मंग म्हनला, 'त्ये न्हाई सांगता येनार. म्या शबुद दिलाय.' आय म्हनली, 'त्यात काय वंगाळ हाय का?' 'न्हाई.' 'मंग?' तर म्हनला, 'तुला लागंल, म्हून.'"

"मग?" मी विचारलं.

"मंग काय? तुझी आय रडली. मंग डोळं पुसलं न् म्हनली, 'बरं. नका सांगू.' आन उठली की! आगं, माझ्या धन्यानं असं काय केलं असतं तर म्या त्याला तितंच हिरीत ढकलला असता. ही बाई उठून त्येला हात देती!"

मावशीला ती गोष्ट कळली नव्हती. मला कळली.

आता ते लिहिते ज्यासाठी हा कागद घेतला. त्या फेब्रुवारीत मी बाबांबरोबर गिरणीत दळण आणायला चालले होते. सायकलीच्या नळीवर मी, मागे दळणाचा डबा. नाताळात चाळीतली एक मुलगी बोर्डिंगातून आली होती. तिच्या वेणीला रिबिनी, गळ्यात ट्रंकेची किल्ली, आणि तिची आई तिला पहिली गरम पोळी वाढायची, पाहुण्याला वाढावी तशी. मला तसं व्हायचं होतं. मला काखेत पोर नको होतं, सगळ्यांच्या पायथ्याशी झोपायचं नव्हतं, मला स्वतःची खाट हवी होती आणि कुलूप लागणारी ट्रंक. मी बाबांना म्हटलं, "मला बोर्डिंगला पाठवा." बाबांनी सायकल थांबवली. म्हणाले, "मी गेलो कारण मला घर नव्हतं. तुला आहे." मी म्हटलं, "मला नको ते घर." त्यांना काय वाटलं असेल ते आता मला आजी झाल्यावर कळतंय. पण ते रागावले नाहीत. म्हणाले, "आईशी बोलू." तेव्हा मी घाबरले आणि रडून म्हटलं, "तिला सांगू नका मी म्हटलं म्हणून. शपथ घ्या." बाबा म्हणाले, "शपथ आपण घेत नाही. पण नाही सांगणार."

बस, एवढंच. आपल्या घरात शपथ घ्यायची नाही, म्हणून 'नाही' म्हटलं की ते नाही. शपथ घेतली असती तर कदाचित मोडलीही असती त्यांनी. नुसता शब्द होता, तो मोडणार कसा? एका नऊ वर्षांच्या पोरीला दिलेला शब्द पाळायला त्यांनी तुझा राग घेतला, सगळ्या मंडळीदेखत आपलं ताट परत गेलेलं सोसलं, तुझ्यासमोर मातीत बसले, आणि ज्या एका वाक्यानं सुटले असते ते वाक्य बोलले नाहीत. आणि तू? कारण न सांगणाऱ्या माणसाला तू हात दिलास. मी हे जितक्यांदा मनात आणते तितक्यांदा थक्क होते. तो शब्द पाळणं थोर की ते 'बरं, नका सांगू' थोर, मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. त्या पोरा पाळकांना मी याचे पाच मुद्दे कसे करून देऊ?

बाबांनी मला एकदा वाट करून दिली होती. मी पंधरा वर्षांची, माझ्या दृढीकरणाचा आदला दिवस. उद्यापासून ताट माझ्यापुढेही येणार होतं. शनिवारचा चहा संपवून तू आत गेलीस आणि बाबांनी मला पायरीवर बोलावलं. "उद्याच्या आधी तुला आईशी काही बोलायचंय का?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "नाही." त्यांनी मान हलवली आणि रिकामी कप-बशी माझ्या हातात दिली. त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही.

आणि माझ्या लग्नात तू ती हिरवी ट्रंक आतून-बाहेरून पुसलीस, गोधड्या काढून माझ्या साड्या ठेवल्यास, रंग उडालेल्या माझ्या नावावरून बोट फिरवलंस आणि म्हणालीस, "घे बाई. शेवटी मिळाली तुला तुझी ट्रंक." माझ्याकडे बघून हसलीस. मी साड्यांच्या घड्या मोजल्यासारखं करत राहिले. तुला कळलं होतं का गं? केव्हापासून? बांधावर बसल्या बसल्याच कळलं होतं का, कुणाला शब्द दिला असेल ते? तू तेव्हा थांबली होतीस, मी काही बोलेन म्हणून. मी विचारलं, "यात डांबरगोळ्या टाकू का?"

बाबांच्या मागे तू अकरा वर्षं होतीस. मी रोज संध्याकाळी यायची. तुझे पाय चेपायची, वाचून दाखवायची, सगळ्या जगाचं बोलायची. मावशीनं सांगितलं ते मात्र सांगितलं नाही.

गुरुवारी मी त्या पोरांना चहाचं सांगेन, पँटची माती झाडल्याचं सांगेन, त्यांना हसवीन. हे नाही सांगणार. हा कागद ट्रंकेत ठेवते आहे, साड्यांखाली. आई, मला त्या वर्षी तुला सोडून जायचं होतं, ते मी मागितलं होतं, आणि दोष बाबांनी घेतला. आणि दृढीकरण झाल्यापासून तू जाईपर्यंत, छत्तीस वर्षं, दर महिन्याला ते ताट माझ्यापुढे आलं. तू माझ्या शेजारी बसलेली असायचीस. मी एकदाही 'आज नको' म्हटलं नाही.